धाकटीची चूल

लग्न झाल्यापासून आई माझ्या घरी कधी जेवली नव्हती. पाणीसुद्धा प्यायली नव्हती. आमच्याकडे तशी रीतच आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. आता ही रीत फारसं कोणी पाळत नाही. शेजारणीची आई तर लेकीकडे आली की महिनाभर हलत नाही. पण आमच्या आईने एखादी गोष्ट धरली की धरली. सकाळच्या एसटीने ती पेणला यायची, पिशवीत तांदळाची भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन. माझ्या ओटीवर बसून स्वतःची भाकरी खायची, गणपतींच्या कारखान्यात एक चक्कर मारायची आणि दुपारच्या गाडीने परत. मी सोडायला स्टँडवर गेले की टपरीवरचा चहा मात्र माझ्याकडून मजेत प्यायची. तिच्या हिशेबात घर म्हणजे चूल. चूल माझी नसली की तिला सगळं चालायचं.

रोह्याला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी धाकट्या बहिणीकडे, तिला असली काही अडचण नव्हती. धाकटीला लग्नानंतर लगेच मुलगा झाला, मग मुलगी. मुलाच्या बारशाला आई तिच्याकडे जी जेवायला बसली ती अजून जेवतेच आहे. धाकटी फोनवर अगदी सहज सांगायची, "आई आलेय, घावन घातलेत."  धाकटीचे घावन तव्याला चिकटतात. माझे जाळीदार होतात, अलगद सुटतात. पण हे आईला कळणार कुठून?

मला मूल नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, उपास झाले. मग आम्ही नवराबायकोने तो विषय बंद केला आणि कारखान्यात लक्ष घातलं. पेणमध्ये कारखाना म्हटला की तो गणपतींचाच. नवरा साचे, रंग आणि टेम्पो सांभाळतो. मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. दिवसभर डोळे रेखाटणाऱ्या बाईची नजर वाईट असू नये, असं लोक म्हणतील. माझी आहे. धाकटीच्या ताटावर ती कायम होती.

या वर्षी हंगाम बरा गेला. गणपती गेले, दसरा झाला, शेडमधल्या फळ्या रिकाम्या पडल्या आणि मला आईची एक जुनी गोष्ट आठवली. आईचं गाव रोह्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी. जन्मभर तिने घाट खालून बघितला. अंगणात वाल निवडता निवडता वर चढणारे ढग बघायची आणि म्हणायची, "घाटावरची थंडी एकदा बघायची हाय." पण न्यायची कशी? लॉजवर राहायला ती तयार नाही. कोण कोण त्या गादीवर लोळून गेलेला असतो, म्हणते. नातेवाईक घाटावर कोणी नाहीत.

नवरा म्हणाला, "घरच घेऊन जाऊ की." पनवेलला त्याच्या ओळखीच्या एकाने मोठ्या गाडीचं घर करून घेतलं होतं आणि तो ते भाड्याने देत असे. आत झोपायच्या दोन फळ्या, वर एक घडीची खाट, दोन शेगड्यांचा ओटा, छोटी मोरी आणि कपाटाएवढा संडास. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. मी बघितलं आणि हरखले. टेम्पो चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला ती गाडी काही जड नव्हती. मी त्याच दिवशी ठरवून टाकलं आणि धाकटीला फोन केला. तिचा नवरा कंपनीत शिफ्टला असतो, त्याला रजा नव्हती. मुलं तिच्या सासूकडे राहणार होती. ती आनंदाने तयार झाली आणि मग तिला आईची रीत आठवली.

"ताई, गाडी भाड्यानं तू घेतलीस ना? मग आई त्यात जेवायची नाय."

 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चूल माझी, म्हणजे घर माझं. घर माझं, म्हणजे आई बाटली आणि भाकरी घेऊन येणार.

"असा करू," धाकटी म्हणाली. "आईला सांगू, गाडी मी घेतली. भावजींना मोठी गाडी चालवता येते म्हनून ते आलेत. कुनाचा काय जातंय?"

कोणाचं काही जात नव्हतं. माझंच जात होतं. पण मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या पस्तावले.

आश्विन अर्धा उलटला होता. दुपारी ऊन चटके देत होतं आणि संध्याकाळी परतीचा पाऊस गडगडून जात होता. वडखळच्या गर्दीतून बाहेर पडलो, तेव्हा दोन्हीकडे भात पिवळा पडलेला होता. काही ठिकाणी कापणी सुरू झाली होती. रोह्याहून धाकटीला घेतलं आणि आईच्या गावात शिरलो तर अर्धी आळी गाडी बघायला जमलेली. आईने चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ धाकटीच्या हातून फोडवला आणि धाकटीवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी नारळाची करवंटी हातात धरून उभी होते. एका म्हाताऱ्याने माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "डायवर कुठला आनला?" नवरा खो खो हसला. मला हसू आलं नाही.

"धाकटीनं घेतली," आई प्रत्येकाला सांगत होती. "माज्यासाटी."

कोलाडवरून ताम्हिणीच्या वाटेला लागलो. वळणागणिक हवा बदलत गेली. खाली घामाने पाठ चिकटत होती, वर धुकं काचेवर येऊन बसलं. कड्यांवरून अजून पाण्याच्या धारा लोंबत होत्या आणि उतारावर पिवळी फुलं पसरली होती. आई खिडकीला नाक लावून बसली होती. तिचं ते तोंड बघायलाच तर मी हा सगळा खटाटोप केला होता. पण ती दर वळणाला मागे वळून धाकटीलाच म्हणत होती, "बघ गो, बघ!" मी तिच्या शेजारी बसलेले होते. तरी धाकटीलाच.

मुळशीच्या पाण्याकाठी थांबलो. मी चहा ठेवायला उठले तर आई म्हणाली, "तू बस. जिची चूल तिला करू दे." धाकटी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत शेगडीपाशी गेली. तिला आलं किसायचं असतं हेही ठाऊक नाही, ती ठेचून टाकते. आईने तो चहा फुर्र करून ओढला आणि वर पेला पुढे करून आणखी मागितला.

घाट संपला तशी जमीन उघडी पडत गेली. पुणं बाहेरून टाकून आम्ही साताऱ्याच्या दिशेला लागलो. पाऊस मागे राहिला. वारा कोरडा, माती काळी, भाताचं नाव नाही. आईने गाडी थांबवायला लावली, खाली उतरून एक ढेकूळ हातात घेतलं, फोडलं, वास घेतला. "हिला पानी लागत नाय काय?" तिने विचारलं. शेतात नुकती उगवलेली ज्वारी होती. ढेकूळ जिथून घेतलं तिथेच तिने नीट ठेवलं.

दोन दिवस असेच गेले. दिवसभर गाडी, संध्याकाळी एखाद्या धाब्याच्या मागच्या मोकळ्या जागेत मुक्काम. आई धाकटीच्या शेजारी झोपायची. मी वरच्या घडीच्या खाटेवर, नवरा पुढच्या सीटवर. धाकटीने पिठलं केलं, गुठळ्या झाल्या. आई म्हणाली, गुठळ्या चांगल्या लागतात. धाकटीने भात केला, खाली लागला. आई म्हणाली, खरपूडच गोड. मी पाणी आणत होते, भांडी घासत होते, पडदे ओढत होते. मोलकरीण बरी, तिला निदान कोणी "दमलीस काय गो" म्हणतं. नवऱ्याला मी हळूच म्हटलं, "बघताय ना?" तो म्हणाला, "आई खूश आहे ना? झालं तर मग." पुरुषांचं एवढ्यात 'झालं तर मग' होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे धाकटीला ते सोंग आवडायला लागलं होतं. वाईच्या पेठेत तिने आईसाठी पेढे घेतले आणि दुकानदाराला सांगितलं, "आमची घराची गाडी हाय, बाहेर उभी." आमची! मी पेढा घेतला नाही. मधुमेह नाही, काही नाही, पण नाही घेतला.

पसरणीच्या घाटात धाकटीला गाडी लागली. तोंडाला पदर लावून बसली, मग आडवीच झाली. महाबळेश्वरच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या बांधालगत गाडी उभी केली, तेव्हा संध्याकाळ होत होती आणि आभाळ काळं झालं होतं. दार उघडलं आणि खरी थंडी आत आली. आई पायरीवर उभी राहिली, दोन्ही हात बगलेत घालून. "हीच काय ती?" म्हणाली. मग तिने तोंडाने हवा सोडली आणि वाफ दिसते का ते बघितलं. दिसली तशी लहान पोरीसारखी हसली. मी तिला माझा स्वेटर घातला. बटणं लावताना माझे हात तिच्या हनुवटीला लागले. इतक्या दिवसांत तेवढा वेळ ती माझी होती.

"सैपाक कोन करनार?" तिने विचारलं. धाकटी लिंबू हुंगत पडली होती.

"मी करते," मी म्हटलं.

आईने जरा विचार केला. "कर. चूल तर धाकटीचीच हाय. तू नुसता हात लावायचा."

मी घरून वाल आणले होते आणि वाटेत भिजवून, गाडीतच फडक्यात बांधून त्यांना मोड आणले होते. आई आणि मी समोरासमोर बसून वाल सोलले. बाहेर पाऊस धरला. पत्र्यावर असा आवाज की बोलायचीही गरज नव्हती. मी ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून बिरडं केलं, गूळ घातला, आमसूल टाकलं. भात मोकळा झाला. त्या छोट्या घरात वालाचा वास भरला आणि मला वाटलं, आता झालं, आता काही नको. मी ताट वाढलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आई माझ्या हातचं जेवणार होती.

तिने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. डोळे मिटून चावत राहिली. मग समाधानाने मान हलवून म्हणाली, "काय पन म्हन, धाकटीच्या चुलीला चव हाय."

माझ्या मस्तकात काहीतरी फुटलं.

"धाकटीची कसली चूल?" मी ओरडले. "चूल माझी हाय! गाडी मी घेतली, मी! तांदूळ माझा, वाल माझे, भांडी मी घासते. ह्या तीन दिवसांत जे जेवलीस ते माझ्याच घरी जेवलीस!"

"ताई, गप बस," धाकटी उठून बसली.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने धाकटीला विचारलं, "खरा काय गो?" धाकटीने मान खाली घातली. आईच्या हातात घास तसाच होता. तिने तो ताटात ठेवला, ताट झाकलं, खिडकी सरकवली आणि हात बाहेर काढून पावसातच धुतला. मग स्वेटरसकट भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं होतं, ती रागवेल. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. ती रडत होती, आवाज न करता. पाठ हलत होती म्हणून कळलं.

सकाळी आंबेनळी घाटाने आम्ही खाली उतरायला लागलो. वर बोटं गारठत होती. अर्ध्या घाटात स्वेटर निघाले, पोलादपूरला पोचेपर्यंत कपाळावर घाम. आईने रस्त्याकडेच्या नळावर स्वतःची बाटली भरून घेतली होती. पोलादपूरला दोन केळी खाल्ली. बाकी काही नाही. धाकटी माझ्याशी बोलत नव्हती, नवरा रेडिओ लावून बसला होता. आणि मी, खोटं का बोलू, आत कुठेतरी धाकटीवरच जळत होते. तिच्याकडे आई जेवली तेव्हा कोणी रडलं नव्हतं. माझ्या चुलीत असं काय विष आहे?

माणगावच्या पुढे आदल्या दिवशीच्या पावसाने वाट लावली होती. कापलेलं भात शेतात भिजून पडलेलं होतं. आई म्हणाली, "थांबवा जावई." गाडी थांबली तशी ती उतरली आणि कोणा अनोळख्याच्या शेतात शिरून भिजलेल्या पेंढ्या उलटवायला लागली. खालची बाजू वर, म्हणजे ऊन लागेल. मीही उतरले. धाकटीही मागून आली. आम्ही तिघी वाकून पेंढ्या उलटवू लागलो. शेताचा मालक कुठे दिसत नव्हता.

"कुनाचा का असंना, भात हाय," आई म्हणाली. आणि मग, न थांबता, पेंढ्या उलटवतच म्हणाली, "तुज्या लग्नाच्या वर्षी मी गावदेवीपाशी बोललेली. हिच्या घरी पयला घास घेईन तो बारशाचा. तवर पानी नाय."

मी उभी राहिले.

"तुला वाटला, आई रीत पाळते. रीत कोन पाळतंय आता? मी वाट बघत व्हते गो."

"आई, आता कसलं बारसं?" मी म्हटलं. "मी पन्नाशीला आले. मला आता..."

"तुला म्हायती हाय, मला म्हायती हाय," ती म्हणाली. "देवीला कोन सांगायला गेलावता?"

तिने शेवटची पेंढी उलटवली, पदराने हात पुसले. "बोल मोडला आता. मोडला ता मोडला."

धाकटी बांधावर उभी होती. ती आईकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं, कारण इतकी वर्षं ते मी माझ्या तोंडावर बाळगलं होतं. "माज्यासाटी काय बोललीस देवीपाशी?" तिने विचारलं. आई म्हणाली, "तुज्यासाटी काय बोलायचा? तुला सगला आपोआप भेटला." धाकटी एकदम वळली आणि गाडीत जाऊन बसली. रोहा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. ज्या दिवसाची मी वाट पाहिली होती तो हाच, पण मला त्याचा आनंद होईना.

रोह्याला धाकटी उतरली. तिच्या मुलांनी गाडीभोवती गोंधळ घातला, आत शिरून शेगडी पेटवून बघितली, खाटेवर उड्या मारल्या. आईने त्यांना वाईचे पेढे दिले. आता आईला तिच्या गावी सोडायचं आणि गाडी पनवेलला पोचवायची, असं आमचं ठरलेलं होतं. पण आई सीटवरून हलली नाही.

"मी पेनला येते," म्हणाली.

नागोठणं गेलं, वडखळ गेलं.  खाडीवरून वारा येत होता आणि आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं होतं. दारात गाडी थांबली. ती नेहमीसारखी ओटीवर बसली नाही. चपला काढल्या, सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली. एवढ्या वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती. तिने डबे बघितले, खिडकी बघितली, शेगडीवरून बोट फिरवलं. पाण्याची बाटली तिने गाडीतच ठेवली होती.

"भात घाल," ती म्हणाली. "भूक लागली."

मी तांदूळ धुतले. डाळ केली, फणसाचा पापड तळला, लोणचं काढलं. पाट मांडला, तर ती खालीच बसली, पाय दुमडून, भिंतीला टेकून. मी तांब्याभांडं ठेवलं. आधी ती पाणी प्यायली, सगळं भांडं. मग जेवायला लागली. सावकाश, नीट, भात कालवून. फोन वाजला, धाकटीचा होता. "आई जेवते काय तुझ्याकडं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

"मीठ बरोबर हाय," आई म्हणाली. तिने ताट पुढे केलं. मी भात वाढला. तिने तो संपवला आणि पुन्हा ताट पुढे केलं. जे बघायला मी इतकी वर्षं जळले ते माझ्यासमोर चाललं होतं, पण बारशाची वाट बघणारं आता कोणी उरलं नव्हतं. मी डाव हातात धरून उभी होते, आणि मला वाटत होतं, हिने आत्ता उठावं, बाटली आणि भाकरी घेऊन ओटीवर जाऊन बसावं, आणि माझ्या घरून उपाशी जावं.